पुढचं चाक

"पार्ट आलेला नाही अजून," मेकॅनिक म्हणाला आणि हातातला पाना उगाचच फडक्याने पुसत राहिला.

आत्याने मोटरसायकलकडे पाहिलं. ज्या कोपऱ्यात तिने ती आणून लावली होती त्याच कोपऱ्यात, तशीच तिरकी उभी होती. सीटवर धुळीचा थर आणि त्या धुळीत मांजराच्या पावलांची रांग. पुढच्या शॉकअपमधून गळलेलं तेल फरशीवर सुकून चिकट झालेलं. गाडीला कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

"कोणता पार्ट?" तिने विचारलं.

"ऑइल सील."

"ती समोरच्या दुकानात खोकं भरून ठेवलीत. आत्ता बघून आले."

मेकॅनिकने पाना खाली ठेवला. इतकी वर्षं गाडी त्याच्याच हाताखालून गेली होती. त्याचं काम चालू असताना आत्या शेजारच्या लाकडी पेटीवर बसून राही, बॅटरीचा उजेड धरी, मागेल तो पाना हातात देई. या माणसाला खोटं पचत नाही हे तिला ठाऊक होतं. शेवटी त्याने मान खाली घालून सगळं ओकून टाकलं. दादा येऊन गेले होते. दादा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. गाडीला हात लावू नकोस, आज देतो उद्या देतो करत रेंगाळत ठेव, ती कंटाळून नाद सोडेल, मग आपण गिऱ्हाईक बघू, असं समजावून गेले होते.

"माझ्यावर राग धरू नका आत्या," तो म्हणाला. "तुम्हा दोघांच्या मध्ये माझं मरण."

"राग कसला," आत्या म्हणाली. "किल्ली दे."

खरं तर ती एकाच मुलाची आत्या. पण भाच्याचं ऐकून गल्लीतली पोरं तिला आत्या म्हणू लागली, पोरांचं ऐकून त्यांच्या आया, आणि आता समोरच्या घरातले दात पडलेले आजोबासुद्धा तिला आत्याच म्हणत. तिचं काम सुयांचं. एका छोट्या लॅबसाठी ती घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेई. माणसं उपाशीपोटी असायची तोवर पोचायचं, रक्त काढायचं, नळ्या पेटीत ठेवायच्या आणि ऊन चढायच्या आत लॅबमध्ये परत यायचं. गावातल्या गावात हे काम कुणीही केलं असतं. पण टेकडीवरच्या वस्तीला जाणारा रस्ता म्हणजे नुसती खडी आणि खड्डे. तिथे स्कूटर चढत नसे. आत्याची मोटरसायकल चढायची.

पावसाळ्याआधी उतरताना ती पडली. पंपघराजवळच्या वळणावर तिने पुढचा ब्रेक दाबला आणि त्याने धरलंच नाही. शॉकअपचं सील फाटून तेल खाली झिरपलं होतं, थेट ब्रेकमध्ये. हनुवटीला टाके पडले, मनगट प्लॅस्टरमध्ये गेलं. शुद्धीवर येताच तिने आधी पेटी कुठे आहे ते विचारलं. एकही नळी फुटलेली नव्हती.

ती घरी होती तोवर टेकडीवरच्या म्हाताऱ्यांना खाली आणावं लागलं. गवंड्याची आई चालू शकत नसे. तिला खुर्चीला बांधून दोघांनी उचलून आणलं. लॅबमध्ये तिची शीर काही सापडेना, दोन्ही हात टोचून टोचून निळे झाले. परत जाताना म्हातारी म्हणाली म्हणे, असं उचलून मेल्यावर एकदा नेतीलच, तेवढं पुरे. त्यानंतर तिने रक्त देणंच सोडलं. लॅबच्या डॉक्टरबाईंनी आत्याला स्पष्ट सांगितलं होतं. गाडी धड असेल तर वरची फेरी चालू ठेवू, नाहीतर महिनाअखेरीस ती बंद आणि तुम्ही काउंटरवर बसा. पंख्याखाली बसायचं, पावत्या फाडायच्या, तुमच्या वयाला तेच बरं. हे त्या भल्यासाठीच म्हणत होत्या. आत्याभोवतीची सगळीच माणसं अलीकडे तिच्या भल्यासाठी बोलत.

समोरच्या दुकानात तिने सील मागितली, शॉकअपचं तेल मागितलं, ब्रेकचे नवे शू मागितले. दुकानदाराने वस्तू काढता काढता विचारलं, कुणी पाठवलंय?

"मीच पाठवलंय मला," आत्या म्हणाली.

ब्रेक नसलेली गाडी चालवण्याइतकी ती वेडी नव्हती. तिने ती बाजारपेठेतून ढकलत घरी नेली. वाटेत हात लावायला दोघेतिघे पुढे आले आणि सल्ला द्यायला त्याहून जास्त. ती सगळ्यांना हो हो म्हणत ढकलत राहिली.

रविवारी दुपारी भाऊ जेवून आडवा झाला तेव्हा तिने घराच्या बाजूच्या बोळात गाडी घेतली. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा सारून पुढची बाजू उचलली. ब्रेकची वायर सोडली, एक्सल काढला आणि चाक भिंतीला टेकवून ठेवलं. मग मडगार्ड. आता पुढच्या दोन नळ्या उघड्या पडल्या, म्हाताऱ्या माणसाच्या नडग्यांसारख्या. शॉकअप म्हणजे एवढंच. नळीत नळी, आत स्प्रिंग आणि तेल. खड्डा आला की स्प्रिंग दबते, आणि तेल तिला एकदम उसळू देत नाही. ते गेलं की गाडी नुसती घोड्यासारखी नाचते.

खालचा बोल्ट सोडताच जुनं तेल थाळीत उतरलं. काळपट, राखेच्या पाण्यासारखं, आणि वास असा की जणू मासे कुजलेत. आत्याने नाकाला पदर लावला नाही. याहून वाईट वास तिच्या कामात रोजचे होते.

वरचं टोपण उघडताना मात्र ती चुकली. टोपणाखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते, मेकॅनिक ते काढताना तळहाताने घट्ट दाबून धरतो, हे तिने शंभरदा पाहिलं होतं. पण पाहणं वेगळं आणि तळहात आपला असणं वेगळं. शेवटचा आटा सुटला आणि टोपण बंदुकीच्या गोळीसारखं उडून न्हाणीघराच्या पत्र्यावर आदळलं. अख्ख्या गल्लीची झोप मोडली.

भाऊ बनियनवरच बाहेर आला. त्याने गाडी पाहिली, चाक पाहिलं, पत्र्याला पडलेला पोचा पाहिला आणि कोपरापर्यंत काळी झालेली बहीण पाहिली.

"ताई, हे काय चाललंय?"

"शॉकअपचं तेल बदलतेय."

तो ओरडला नाही. ओरडणाऱ्यातला नव्हताच. कचेरीत उभा जन्म त्याने अर्जदारांना हळू आवाजात नाही म्हणण्यात घालवला होता. त्याच आवाजात तो बोलू लागला. प्रत्येक गोष्टीला वय असतं. जायचंच असेल तर मी गाडी लावून देतो. लोक मला विचारतात, बहिणीला कामाला जुंपलंय का. आत्या फडक्याने नळी पुसत राहिली. मग तो थांबला, आणि पोटातलं ओठावर आलं.

"तू पडलीस तेव्हा फोन मला आला होता. पंपघराचा माणूस होता. म्हणाला, इथे एक बाई पडल्यात, तुमच्या कोण आहेत का? त्यानंतर तो काय बोलला ते मला ऐकूच आलं नाही. आहेत म्हणाला की होत्या, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. तिथे पोचेपर्यंत."

आत्याचा हात थांबला. हे त्याने आधी कधी सांगितलं नव्हतं. वडील गेले तेव्हा तो इतका लहान होता की रात्री तिच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून झोपायचा. पण आत्ता विरघळले तर जन्माची काउंटरवर बसले, हेही तिला कळत होतं.

"पडले तेव्हा फोन आला तुला," ती म्हणाली. "रोज धड परत येते, त्याचा फोन कुणी करत नाही."

भावाने वाकून भिंतीशी टेकवलेलं चाक उचललं. बनियनला काळे डाग पडले तरी त्याने पर्वा केली नाही.

"हे माझ्याकडे राहील," तो म्हणाला. "तू शहाणी आहेस ताई. शांतपणे विचार केलास की पटेल तुला."

तो आत गेला. त्याच्या खोलीचं दार लागल्याचा आणि किल्ली फिरल्याचा आवाज आला.

तू शहाणी आहेस. या एका वाक्यावर तिचं अख्खं आयुष्य निघालं होतं. चांगलं स्थळ सांगून आलं तेव्हा आईचं अंग नुकतंच लुळं पडलं होतं. मामा म्हणाले, आईला कोण बघणार, तू शहाणी आहेस. भाच्याला अभ्यासाला जागा हवी होती तेव्हा वरची खोली तिची होती. तू शहाणी आहेस, खाली स्वयंपाकघरालगत होईल की तुझं. ती खरंच शहाणी होती, त्यामुळे दर वेळी हो म्हणाली. मोटरसायकल तेवढी तिने कुणाला न विचारता घेतली. गाव सोडून जाणाऱ्या एका कंपाउंडरची होती. विचारलं असतं तर सगळ्यांनी मिळून ठरवलं असतं की स्कूटर बरी, किंवा बसही बरी. म्हणून तिने ती आधी घेतली, मोकळ्या मैदानावर पडत झडत शिकली आणि मग एका संध्याकाळी दारात आणून उभी केली. आई अंथरुणातून बघत होती. बोलता येत नव्हतं तिला, पण ती हसली होती, लुळ्या बाजूनेसुद्धा.

आत्या उठली, पत्र्यावरून घरंगळलेलं टोपण शोधून आणलं आणि पुन्हा कामाला बसली.

दुसऱ्या नळीचं टोपण काढताना तिने घडी केलेलं फडकं वर ठेवलं आणि अंगाचा सगळा भार तळहातावर टाकला. स्प्रिंग निमूट वर आली. फाटकी सील तिने पेचकसाने उचकटून काढली. नवी बसवताना वर पाइपचा तुकडा धरून हातोडीने टुकटुक करत, सगळीकडून सारखी, आत सरकवली. नळ्या केरोसीनने धुऊन वाळवल्या, जोडल्या. तेल भरायला तिने लॅबमधून आणलेली मोठी सिरिंज घेतली. दोन्ही नळ्यांत तेल अगदी सारखं हवं, एकीत जास्त आणि एकीत कमी झालं तर गाडी लंगडते. भरलं, नळी वरखाली केली, बुडबुडे येऊन फुटेपर्यंत थांबली, पट्टी घालून पातळी पाहिली, डावीकडचं जरा जास्त झालेलं सिरिंजने ओढून घेतलं. यात तिचा हात कुणी धरू शकलं नसतं.

समोरचे आजोबा कधीपासून कठड्याला टेकून बघत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"आत्या, चाक नाही तर तेल कशाला?"

"चाकाचं चाक बघेल," आत्या म्हणाली. "तेल बदलायचं होतं."

भाचा आता शिकायला बाहेरगावी होता. संध्याकाळी तिघंच जेवायला बसली तेव्हा चाकाचा विषय निघाला नाही. भाऊ वाट बघत होता, ती मागेल म्हणून. आत्याने आमटी वाढून घेतली आणि आज उकडतंय म्हणाली. भावजय खाली मान घालून दोघांना वाढत राहिली.

सोमवारी सकाळी आत्याने पेटी खांद्याला लावली आणि ती टेकडीकडे चालत निघाली. गाडी बोळात ठोकळ्यावर तशीच उभी, पुढचे दोन पाय हवेत. भाऊ दात घासत दारात उभा होता. तिने त्याला येते म्हटलं. त्याने चूळ भरली.

चढ चालून जायला ती विसरली होती. पंपघरापर्यंतच गुडघे बोलू लागले. वर पोचली तेव्हा उपाशी बसून कंटाळलेल्या निम्म्या लोकांनी खाऊन घेतलं होतं. गवंड्याच्या आईच्या घरापर्यंत तर ती पोचूच शकली नाही, ते शेवटच्या टोकाला. उतरून लॅबमध्ये येईतो ऊन डोक्यावर आलं. मंगळवारी तेच. बुधवारी डॉक्टरबाईंनी रक्ताच्या दोन नळ्या उजेडात धरून दाखवल्या. उन्हाने नासल्या होत्या. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त काउंटरच्या खुर्चीवरची धूळ पुसायला कुणालातरी सांगितलं, आत्याला ऐकू जाईल अशा बेताने.

त्या रात्री तिने पाय गरम पाण्यात सोडले. एकदा वाटलं, मागावं. नुसतं जाऊन म्हणावं, दे रे. तो देईलही, दोन गोष्टी सुनावून देईल. पण मग ते त्याने दिलेलं चाक होईल. ती पाणी गार होईपर्यंत तशीच बसून राहिली आणि मग झोपली.

गुरुवारी सकाळी ती पेटी भरत असताना बोळातून घरंगळल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहते तर भावजय चाक ढकलत आणत होती. पदर कमरेला खोचलेला, चाक एकसारखं भिंतीकडे पळत होतं आणि ती त्याला हाताने दामटत सरळ करत होती.

"वन्सं, हे माझ्या कपाटामागे होतं," ती म्हणाली. "मला साडी काढता येत नव्हती."

आत्याने न्हाणीघराकडे पाहिलं. आत भावाच्या अंघोळीचा आवाज चालू होता.

"तो चिडेल तुझ्यावर."

भावजयीने चाक गाडीला टेकवलं आणि जरा दम खाल्ला. ती या घरात आली तेव्हापासून दोघींचं बोलणं मीठ, पाणी, पाहुणे एवढ्यापुरतंच होतं. भांडण कधी झालं नव्हतं, तसं दुसरंही काही झालं नव्हतं.

"माझी पाठ दुखते म्हणून यांनी शिवणयंत्र देऊन टाकलं," ती म्हणाली. "काळजीनंच दिलं. मी नाही म्हणत नाही." तिने काळा झालेला हात पदराला पुसू की नको असा विचार केला आणि पुसला. "पाठ अजून दुखतेच."

ते यंत्र गेलं त्या दिवशी आत्या घरातच होती. तिनेही तेव्हा म्हटलं होतं, बरं झालं, तेवढाच आराम. ते तिला आत्ता आठवलं. ती खाली बसली, चाकातली ब्रेकची ताटली काढून तेलाने माखलेले शू उतरवले, आतून सगळं पुसलं आणि नवे शू बसवले.

"जरा उचलून धर," एवढंच म्हणाली.

भावजयीने चाक दोन नळ्यांच्या मध्ये उचलून धरलं. आत्या एक्सल घालू लागली, पण तो अर्ध्यात अडला. तिने काढला, पुन्हा घातला, पुन्हा अडला. कपाळावर घाम आला. आतल्या अंघोळीचा आवाज थांबला होता.

"ही खाच या खुंटीत बसायची असेल," भावजय म्हणाली. तिने ब्रेकची ताटली थोडी फिरवली. काहीतरी खट्‌कन बसलं आणि एक्सल सरळ आरपार गेला.

आत्याने तिच्याकडे पाहिलं. भावजय हसली नाही, पण तिचा चेहरा एकदम तरुण दिसला.

आत्या नट आवळून ब्रेकची वायर जोडत असताना भाऊ टॉवेल गुंडाळून दारात आला. काय झालंय ते कळायला त्याला एक क्षण लागला. त्याने बहिणीकडे नाही, बायकोकडे पाहिलं. भावजय उठली. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत काळे होते, ते तिने लपवले नाहीत.

"चहा ठेवलाय," ती त्याला म्हणाली. "उकळला असेल. तेवढा गाळून घ्या."

भाऊ आत गेला. तेव्हापासून तो आत्याशी बोलत नाही. काही सांगायचं झालंच तर बायकोला सांगतो, तिला म्हणावं टाकीत पाणी कमी आहे. आत्याही तिलाच सांगते, त्याला म्हणावं कळलं. ताई ही हाक त्या घरात ऐकू येईनाशी झाली, आणि ते आत्याला लागत नाही असं नाही. जेवताना ती कधीकधी त्याच्या ताटाकडे बघत राहते.

पण हे नंतरचं. त्या सकाळी तिने ठोकळा काढला, दोन्ही हातांनी हॅण्डल दाबलं. पुढची बाजू हळूच खाली गेली आणि तितक्याच हळू वर आली. घाई नाही, उसळी नाही. किक मारली. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली, आणि समोरच्या आजोबांनी कठड्यावरून मान डोलावली.

चढाला काही वाटलं नाही. पंपघराजवळचं वळण आलं तेव्हा तिने गाडी थांबवली नाही, पण वळण घेऊन वर गेल्यावर ती मुद्दाम वळली आणि पुन्हा खाली आली. जिथे पडली होती तिथेच, त्याच खडीवर, तिने पुढचा ब्रेक दाबला. चांगला दाबला. गाडी वाकली, धरली आणि उभी राहिली. पंपघराचा माणूस बादली हातात घेऊन बघत होता.

"तुम्ही परत आलात?" तो म्हणाला.

"रोज यायचंय," आत्या म्हणाली आणि गाडी वळवून वर निघाली.

गवंड्याच्या आईच्या दारात तिने इंजिन बंद केलं, हातमोजे काढले आणि तेव्हा तिला दिसलं की तिचा उजवा हात थरथरतोय. नुसता नाही, चांगला थरथरत होता. तिने तो मांडीवर दाबून धरला तरी थांबेना. वळणावर ती घाबरली होती. प्लॅस्टर निघाल्यापासून, रोज, चाकाशिवायच्या गाडीला तेल भरतानासुद्धा ती घाबरलेलीच होती, आणि हे तिने आजवर जिवंत माणसाला कळू दिलं नव्हतं.

पेटी मांडीवर घेऊन ती पायरीवर बसली.

"कोण आहे?" आतून म्हातारीचा आवाज आला.

"मी आहे."

"मग आत ये की. मी काही खुर्चीत बसून खाली येणार नाही, आधीच सांगते."

"नका येऊ. मी आलेय ना."

"बाहेर काय करतेस मग?"

"काही नाही. जरा बसलेय."

आतून म्हातारीने बाही वर सारल्याची सळसळ ऐकू आली. आत्याने समोर हात धरला, बोटं पसरली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. खाली उतारावर कुणीतरी दगड फोडत होतं, ठोक, ठोक. हळूहळू बोटं स्थिर झाली. तरीही ती आणखी थोडा वेळ थांबली, पूर्ण खात्री होईपर्यंत, कारण म्हातारीची शीर बारीक होती. मग उठली, चपला बाहेर काढल्या आणि आत गेली.